उजव्या बाजूचा आरसा

मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी
२ मार्च २०२५

सूर्या,

रमजान मुबारक. कालपासून रोजे सुरू झालेत, रस्ते मोकळे आहेत आणि माझ्या डोक्यात एकच विषय आहे: म्युनिक.

फोन सोडून मेल का लिहितोय ते सांगतो. परवा तुला व्हॉट्सॲपवर तिथल्या बिअर-जत्रेतल्या तंबूंचे आणि चामड्याच्या चड्ड्यांच्या पोशाखाचे फोटो पाठवले, ते घरातल्या टॅबवरही उमटले. आमची रिद्धी स्वयंपाकघरात जाऊन अर्चनाला म्हणाली, "ममा, बाबा इज बायिंग लेदर शॉर्ट्स." तेव्हापासून घरात माझी अब्रू उरलेली नाही. यापुढे सगळं मेलवर, तेही मराठीत. आपल्या पोरांना मराठी वाचता येत नाही याचं आजवर दुःख करत आलो. आता निदान त्याचा एक उपयोग तरी होईल.

वर्कशॉपमधलं कॅलेंडर आठवतं ना? सांगलीला, लेथच्या वर, कुठल्याशा जर्मन मशीन कंपनीचं. वर्ष संपलं तरी सप्टेंबरचं पान कुणी उलटलं नाही. लांबच लांब बाकं, पितळी बँड आणि दोन्ही हातांत मिळून दहा मग घेऊन चाललेली ती बाई. तू म्हणालास, "पन्नाशीला इथं जाऊन बसायचं." तेव्हा आपली दोघांत मिळून एक बाटली घ्यायची ऐपत नव्हती. यंदा दोघंही पन्नास. आता टाळाटाळ चालणार नाही.

मी सगळं वाचून काढलंय. जत्रेची शनिवार २० सप्टेंबरला सुरुवात. दुपारी बाराला तिथला महापौर हातोडीने पहिलं पिंप फोडतो, तोवर कुणालाही थेंब मिळत नाही. बुकिंग अख्ख्या टेबलाचं असतं, दहा माणसांचं. आपण दोघंच. पण सकाळी लवकर जाऊन रांगेत बसलं तर जागा मिळते म्हणतात. रांगेत बसायला आपल्याला कोण शिकवणार!

व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या मागे मी लागतो. तुझ्याकडे काम एकच. ईद झाली की ५ एप्रिलला, शनिवारी, माझ्याकडे रंगीत तालीम. तुझ्या हमरियाच्या प्लांटपासून उम्म अल कुवेनचं ते दुकान पंधरा मिनिटांवर आहे. बव्हेरियाची गव्हाची बिअर तिथेच मिळते, माझ्या इथे नाही. दोन क्रेट आण.

नियम तुला पाठ आहे, तरी म्हाताऱ्यासारखा पुन्हा सांगतो. शारजात दारूबंदी, आणि घरी जायला तुला शारजातूनच जायचंय. ती दारूच्या गाड्या हेरणारी लुटारू टोळकी दुकानापासून मागे लागतात, मुद्दाम ठोकतात, उतरलास की पोलिसांची धमकी देऊन खिसा रिकामा करतात. तेव्हा डिकीत माल असेल, तर कुणी ठोकलं तरी थांबायचं नाही. पुण्याहून आलेल्या प्रत्येकाला मी हेच पहिल्या आठवड्यात शिकवतो.

तुझा
वासू


अल मजाज, शारजा
६ मार्च

प्रिय वासू,

मेल मिळाला. विभावरीला सगळं सांगितलं, कारण माझ्याकडून लपवणं होत नाही. ती म्हणाली, "जा, पण चामड्याची चड्डी घालून काढलेला फोटो माझ्या आईला दिसला तर परत येऊ नका." म्हणजे परवानगी मिळाली असं धरतो.

वेदांगची बारावीची परीक्षा ४ एप्रिलला संपते, त्यामुळे पाच तारीख ठीक आहे. माल गुरुवारी ऑफिसनंतर आणून ठेवीन. तुझ्या मेलमधली एक त्रुटी नोंदवतो, शेवटी क्वालिटी कंट्रोलचा माणूस आहे: तुझा नियम २००६ पासून पाळतोय. एकोणीस वर्षांत मला कुणीही ठोकलेलं नाही. तुला ठोकलंय? ज्याला ठोकलंय असा एक तरी माणूस तुला माहीत आहे?

प्लांटमध्ये रमजानची शांतता आहे. आमचा फोर्कलिफ्टवाला इद्रीस रोजा असूनही दुपारी माझ्या टेबलापाशी हजर असतो. कामगार कॅम्पमधल्या लोकांचे इंग्रजी अर्ज मी लिहून देतो ना, पगाराचे, रजेचे, हरवलेल्या पासपोर्टचे. काल म्हणाला, "साब, आप नहीं होते तो हम लोग गूंगे थे." विभावरी म्हणते, या वाक्यावर मी दोन दिवस जगतो. खरं आहे.

सूर्यकांत


अबू धाबी, २६ मार्च

सूर्या, यल्ला, चल! अपॉइंटमेंट मिळाली. २९ एप्रिल, सकाळी सव्वानऊ, दोघांची एकत्र. रोज पहाटे कॉम्प्युटरसमोर बसलो तेव्हा कुठे. हॉटेल स्टेशनजवळ घेतलंय, खोली एवढीशी आहे, तू घोरतोस तरी चालवून घेईन. त्या टोळक्यांबद्दल म्हणशील तर, नियम पाळतो म्हणूनच कुणी सापडत नाही. हा घे पुरावा.

वासू


शारजा, ७ एप्रिल

प्रिय वासू,

शनिवारी लवकर निघालो, माफ कर. अर्चनावहिनींनी एवढं केलं होतं आणि मला जेवण गेलं नाही. त्यांना सांग, उकडीच्या मोदकांत काही कमी नव्हतं. पित्त झालं होतं. बिअर तुम्हीच संपवा.

पासपोर्टच्या प्रती आणि फोटो जोडले आहेत.

एक काम होतं. गाडीचा उजव्या बाजूचा आरसा फुटलाय. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खांबाला लागला. इथले गॅरेजवाले पोलिसांच्या कागदाशिवाय हात लावत नाहीत, आणि एवढ्याशासाठी पोलिसांकडे जायचा कंटाळा आलाय. तुझ्याकडच्या मुसाफाच्या गॅरेजांत कुणी ओळखीचा आहे का?

सूर्यकांत


अबू धाबी, ८ एप्रिल

वा रे क्वालिटी कंट्रोल! एकोणीस वर्षं गाडीला ओरखडा नाही आणि शेवटी खांबाने विकेट काढली. तरीच शनिवारी तोंड पाडून बसला होतास. मी अर्चनाला म्हटलं, याला पन्नाशी बाधली.

मुसाफात आपला एक पठाण आहे, न बोलता काम करतो. येत्या शनिवारी गाडी घेऊन ये. तासाभरात खलास. नंतर तुला चामड्याची चड्डी ट्राय करायला लावणार आहे, मागवलेली आली आहे. तुझ्या पोटाकडे बघून एक नंबर मोठी घेतली.

वासू


शारजा, २२ एप्रिल

वासू,

आरसा खांबाला लागला नव्हता.

तू गेले दहा दिवस फोन करतोयस आणि मी घेत नाही. तोंडाने सांगायला जमणार नाही, म्हणून लिहितो. शेवटपर्यंत वाच.

३ तारखेला, गुरुवारी, साडेसहाला दुकानातून निघालो. दोन क्रेट डिकीत, वर चादर. दुकानापासूनच एक पांढरी पिकअप मागे होती. हमरियाच्या अलीकडे तिने दोनदा दिवे मारले. मी म्हटलं, हेच ते. इतकी वर्षं आले नाहीत, आज आले. वेग वाढवला आणि उजवीकडे सरकलो. तेवढ्यात आवाज झाला, मोठा नाही, दार आपटावं तेवढाच. आरसा दुमडून काचेवर आदळला. मला वाटलं, ठोकलं. तुझा नियम आठवला असं म्हणणार नाही. आठवावा लागलाच नाही. पाय आपोआप दाबला गेला.

मग पिकअप डावीकडून पुढे गेली. आत बायका-मुलं होती, मागे गाद्या बांधलेल्या. घर बदलत असावेत बिचारे. त्यांना फक्त पुढे जायचं होतं.

तेव्हा कळलं की आवाज मागून आला नव्हता. मधल्या आरशात पाहिलं. रस्त्याच्या कडेला सायकलचं चाक वर आलेलं दिसलं, फिरत होतं. माणूस दिसला नाही. वासू, मी तेव्हाही थांबू शकत होतो. दोनशे मीटरही झाले नव्हते. पण डिकीतल्या बाटल्या मला जेवढ्या स्पष्ट दिसत होत्या तेवढं ते चाक दिसत नव्हतं. घरी पोचेपर्यंत प्रत्येक सिग्नलला परत फिरायचं ठरवलं. फिरलो नाही. घरी वेदांग शेवटच्या पेपरचा अभ्यास करत बसला होता, आणि मी त्याला विचारलं, दूध हवंय का.

दुसऱ्या दिवशी पेपरात शोधलं, काही नव्हतं. वाटलं, लागलं असेल थोडंफार, उठून गेला असेल. ही समजूत करून घेऊनच तुझ्याकडे आलो आणि तुला तो मेल लिहिला.

९ तारखेला इद्रीस टेबलापाशी आला. "साब, एक अर्ज लिखना है." त्याच्या खोलीतला माणूस, सफीउल्ला, बिहारमधल्या सिवानचा. शेजारच्या कंपनीत वेल्डर. गुरुवारी संध्याकाळी सायकलवरून कॅम्पकडे येताना गाडीने उडवलं. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं, तेव्हापासून शुद्धीवर नाही. पोलिसांना रस्त्यावर फक्त आरशाचे तुकडे मिळाले. कुणी पाहिलं असेल तर पुढे यावं, असा अर्ज खोलीतल्या सगळ्यांच्या सह्यांनी द्यायचा होता.

मी लिहिला. 'गाडीचालक थांबला नाही' हे वाक्य मी इंग्रजीत माझ्या हाताने टाइप केलं, पुन्हा वाचलं, एक चूक होती ती दुरुस्त केली, प्रिंट काढून दिली. इद्रीस म्हणाला, "साब, आपकी अंग्रेजी से कुछ होगा, इन्शाल्ला." आणि त्यानंतर तीन दिवसांनी मी तुझ्याकडे येऊन आरसा बदलून घेतला. पहिल्याबद्दल मी घाबरलो होतो असं म्हणता येईल. या दुसऱ्याबद्दल काय म्हणू?

सफीउल्ला परवा, रविवारी गेला. मृतदेह गावी पाठवायची तयारी चालू आहे. बायको खैरुन्निसा, दोन मुली. गाडी सापडली तर तिच्या विम्यातून त्यांना भरपाई मिळते. नाही सापडली तर काही नाही. इद्रीसने मला हे समजावून सांगितलं, मला माहीत नसेल म्हणून.

मी पोलिसांकडे जाणार आहे. विभावरीला काल सांगितलं. ती रडली नाही, उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. सोमवारी, २८ ला सकाळी जाईन, तोवर प्लांटचं काम कुणाच्या तरी हाती देतो.

मला तो जुना आरसा हवाय. पठाण टाकून देत होता, तू म्हणालास, "मोटर चालू आहे, टाकायचा कशाला," आणि घरी घेऊन गेलास. गाडीवर आता एकही खूण नाही. माझं बोलणं खरं ठरवायला तोच एक पुरावा आहे. रविवारी येऊन घेऊन जाऊ का?

सूर्यकांत


अबू धाबी, २३ एप्रिल

सूर्या,

हा मेल वाचून झाल्याझाल्या पुसून टाक. तुझा मी पुसलाय.

डोकं ठिकाणावर आहे का? डिकीत दारू, अपघात करून पळालास, वर पुरावा बदललास. हे सगळं एकत्र मांडलं तर काय होईल ते तुला कळतंय? नोकरी जाईल, व्हिसा जाईल, वेदांगचं कॉलेज बोंबलेल, वहिनी त्या फ्लॅटमध्ये एकट्या. आणि मी? गॅरेज मी शोधलं, कागदाशिवाय काम मी करून घेतलं. पोलीस मला विचारणार नाहीत की तुला माहीत होतं का. रिद्धी आठवीत आहे.

गेलेला माणूस परत येणार नाही. त्याच्या घरच्यांना आपण मदत पाठवू, इद्रीसच्या हाती, नाव न सांगता. दरमहा पाठवू. पण पोलीस नकोत. २९ ला व्हिसाची अपॉइंटमेंट आहे. सप्टेंबरमध्ये चार दिवस जाऊन येऊ, तिथे शांतपणे बोलू. मग तू राजीनामा दे, पुण्याला जा. हळूहळू बसेल सगळं.

आरसा माझ्याकडे नाही. मागच्याच आठवड्यात कचऱ्यात टाकला. अर्चना स्टोअर आवरत होती.

तुझ्या पाया पडतो. जाऊ नकोस.

वासू


शारजा, २७ एप्रिल

वासू,

आरसा गेला, तर गेला. उद्या त्याच्याशिवाय जातो.

तुझं नाव घेणार नाही. रस्त्यात दिसलेल्या कुठल्यातरी गॅरेजमध्ये बदलला, आता आठवत नाही, असं सांगेन. या बाबतीत खोटं बोलायला मला काही वाटणार नाही. नियम तू शिकवलास हे खरं, पण गाडी मी चालवत होतो.

नाव न सांगता मदत पाठवण्याचा विचार मीही केला होता. पण इद्रीस दुपारी माझ्यासमोर उभा राहून विचारतो, "साब, अर्ज का जवाब आया?" त्याला रोज काय सांगू? काल वेदांगला गाडीतून क्लासला सोडलं, तर म्हणाला, "बाबा, यू आर ड्रायव्हिंग लाइक अ ग्रँडपा. आर यू ओके?" त्यालाही आज रात्री सांगायचंय.

व्हिसाला तू जा. माझी अपॉइंटमेंट रद्द कर. तिकडे जाऊन आलास तर मला राग येणार नाही, खरंच सांगतो.

एकच मागणं आहे. उद्या नऊला हमरियाच्या पोलीस स्टेशनवर ये. आत येऊ नकोस. विभावरी गेटपाशी एकटी उभी राहील, तेवढ्यापुरता तिच्यापाशी अस.

सूर्यकांत


अबू धाबी
२० सप्टेंबर २०२५

सूर्या,

तुरुंगात मेल पोचत नाही म्हणून वकिलाने कागदावर लिहायला सांगितलं, वहिनी भेटीला येतील तेव्हा तुला मिळेल. पाच महिन्यांत मी एक ओळ लिहिली नाही. वहिनींचा फोनही दोनदा घेतला नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मध्ये येणार नाही.

२८ एप्रिलला मी आलो होतो. स्टेशनच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, गाडीत बसलो होतो. तू हातात फाइल घेऊन आत गेलास ते पाहिलं. तीसुद्धा नेहमीची निळी फाइल, कागद नीट लावलेली. वहिनी गेटच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, नंतर खाली बसल्या. इकडेतिकडे बघत होत्या, मलाच शोधत असणार. मी एसी चालू ठेवून अर्धा तास बसलो आणि निघून आलो. घरी सांगितलं, ट्रॅफिक होता.

दुसऱ्या दिवशी मी व्हिसाला गेलो. मिळालाही. तुला एका वर्षाची शिक्षा झाली त्या आठवड्यात मी हॉटेलची खोली एकाची करून घेतली. असा मी माणूस आहे.

आरसा टाकला नव्हता. स्टोअरमध्ये सुटकेसच्या मागे होता, आणि तो तिथे आहे हे मला रोज माहीत होतं. मेमध्ये वहिनींनी अर्चनाला सांगितलं की विमा कंपनी कबुली मानत नाही, गाडीवर खूण नाही, साक्षीदार नाही, खैरुन्निसाची फाइल अडकून पडली आहे. अर्चनाने जेवताना मला हे सांगितलं. मी म्हटलं, अरेरे. आणि ताक मागितलं.

परवाचं विमान होतं. सकाळी बॅग काढायला स्टोअर उघडलं. अर्चना मागेच होती. सुटकेस ओढली तसा आरसा बाहेर आला आणि फरशीवर पडला. तिने उचलला. त्याच्या बिजागरीत निळा धागा अडकलाय, कामगाराच्या डांगरीचा. तिने तो बोटाने चाचपून पाहिला आणि मला विचारलं, "हा तोच का?" मी हो म्हटलं. ती एवढंच म्हणाली, "मी त्यांच्या घरी गणपतीला गेले होते. विभावरीने मला विचारलं, आरसा कुठे टाकलात ते तरी आठवतं का. मी तिच्या तोंडावर नाही म्हटलं." मी विमानतळावर गेलो नाही. चड्डी अजून बॅगेतच आहे.

काल तुझ्या प्लांटच्या कामगार कॅम्पवर जाऊन इद्रीसला भेटलो. त्याच्याकडे अजून तुझ्या हातचा अर्ज आहे, प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेला. मी सांगितलं, तो नियम मी शिकवला होता, आरसाही मीच ठेवला. त्याने अर्ज पुन्हा प्लॅस्टिकमध्ये सरकवला. मग म्हणाला, "साब रुक जाते तो शायद बच जाता. चालीस मिनट पड़ा रहा. डॉक्टर ने बोला, जल्दी लाते तो..." हे तुला सांगू नये असं रात्रभर वाटलं. पण लपवून काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. तुझ्या चाळीस मिनिटांत माझाही वाटा आहे, सूर्या. तू तेव्हा विचारलं होतंस, ज्याला ठोकलंय असा एक तरी माणूस माहीत आहे का. नाही. एकही नाही. मीसुद्धा कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि एकोणीस वर्षं सांगत आलो.

आज आरसा शेजारच्या सीटवर ठेवून हमरियाच्या पोलीस स्टेशनला गेलो. अधिकारी तरुण होता. त्याने आरसा उलटसुलट करून पाहिला, धाग्याचा फोटो काढला, चिठ्ठी लावली. मग आतून एक पिशवी मागवली. त्यात रस्त्यावर मिळालेले तुकडे होते. त्यातला एक त्याने आरशाच्या कडेला लावून पाहिला. तो बसला. त्याने विचारलं, इतके दिवस हा कुठे होता? मी म्हटलं, माझ्या घरी. कोणी ठेवला? मी ठेवला. सगळं अरबीत लिहून घेतलं आणि मी सही केली. तेव्हा भिंतीवर दोन वाजले होते. म्हणजे तिकडे म्युनिकला बारा.

पासपोर्ट ठेवून घेतलाय. पुढे काय होईल ते वकीलही सांगत नाही. खैरुन्निसाची फाइल मात्र पुन्हा उघडेल, असं अधिकारी म्हणाला.

मंगळवारी तुझ्या भेटीचा दिवस आहे. मी वहिनींना घेऊन येतोय. तुला मला भेटायचं नसेल तर त्यांच्याबरोबर तसा निरोप पाठव, राग मानणार नाही. त्या बाहेर येईपर्यंत मी गेटपाशी थांबेन.

वासू